चट्ट्यांखालचं रक्त

रक्त काढताना माणूस दुसरीकडे बघतो. कोणी छताकडे, कोणी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, कोणी डोळे घट्ट मिटून घेतो. श्रीवर्धनच्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी माझं नोकरीचं सगळं आयुष्य काढलं, आणि त्यातला बराचसा भाग त्या घडीला माझ्याकडे न बघणाऱ्या माणसांसमोर बसून गेला. याची तक्रार नाही. सुई टोचणारीच्या तोंडाकडे कोण कशाला बघेल? पण निवृत्त झाल्यावर बाजारात हिंडू लागले तेव्हा कळलं, गावातली निम्मी माणसं मला हातांवरून ओळखू येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मी कोण ते आठवत नाही.

लॅबमधल्या बाई म्हणजे डॉक्टर नव्हेत, हे आधी सांगते. मी टेक्निशियन. रक्त घ्यायचं, नळीवर नाव घालायचं, ते गोठू द्यायचं, मग नळी सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात ठेवून गरगर फिरवायची. जड रक्त तळाशी बसतं आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. साखर, चरबी, यकृत, मूत्रपिंड यांची खबर त्या चमचाभर पाण्यात शोधायची. आकडा काढणं माझं काम, त्याचा अर्थ सांगणं डॉक्टरांचं. लोक विचारत, "मॅडम, बरं आहे ना सगळं?" मी म्हणत असे, "डॉक्टरांना दाखवा." हे वाक्य मी इतकं बोलले आहे की घरात कोणी काही विचारलं असतं तरी तेच तोंडून निघालं असतं. विचारायला घरात कोणी नव्हतं, हा भाग वेगळा.

मी मूळची तळा गावची. आई होती तोवर सुट्टीला तळ्याला जायचे. ती गेल्यावर तिथलं घर भावाने बंद केलं आणि तो डोंबिवलीला स्थायिक झाला. मी लॅबच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहत होते. दिवाळीत लॅबला सुट्टी असे, तरी मी सकाळी जाऊन कुलूप उघडायचे. फ्रीजमधलं तापमान बघायला जाते असं शेजारणीला सांगायचे. फ्रीज व्यवस्थित असे. मी तिथल्या खुर्चीवर थोडा वेळ बसून परत यायचे.

या धंद्यात हसायलाही बरंच मिळतं. उपाशीपोटी या, असं सांगितलं की माणसं त्याचे आपापले अर्थ लावतात. चहा म्हणजे काही खाणं नव्हे, हे तर सगळ्यांनाच मान्य असतं. एक निवृत्त मास्तर साखरेच्या तपासणीला आले. मी विचारलं, "उपाशी आहात ना?" ते म्हणाले, "कडक. फक्त साबुदाण्याची खिचडी आणि एक केळं." मी म्हटलं, "मास्तर, हे उपाशी कसं?" तर ते मलाच समजावू लागले की उपासाला चालतं ते सगळं चालतं. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. त्या दिवशी ते खरोखर उपाशी आले आणि माझ्यावर चिडून बसले.

पण आज लिहायला बसले ती मास्तरांसाठी नाही. मला हिराजी तांडेलांविषयी लिहायचं आहे.

तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा म्होरक्या. बोट कुठे न्यायची, जाळं कधी सोडायचं, खलाशांनी काय करायचं हे तो ठरवतो. हिराजी बंदराजवळच्या कोळीवाड्यातले. उंच, रुंद खांद्यांचे, वय साठीच्या आसपास. ते पहिल्यांदा आले ते भर मे महिन्यात, दुपारी, लॅब बंद व्हायच्या वेळेला. अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट, त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हातात त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी.

हे डॉक्टर माणगावहून आठवड्यातून एकदा यायचे आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर रुग्ण तपासायचे. तरुण होते, बोलण्यात सौम्य होते. त्यांच्याकडे येणाऱ्यांत सोरायसिसचे रुग्ण बरेच असत. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा उगाच भडकते आणि कातडी फार भराभर तयार होऊ लागते. लालसर चट्टे उठतात, त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात आणि कोंड्यासारखे गळत राहतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. शेजारी बसून नाही, एका ताटात जेवून नाही, हात लावून नाही. पण दिसतो असा की लोक लांब सरकतात.

डॉक्टर अशा रुग्णांच्या चिठ्ठीवर रक्ताच्या बऱ्याच तपासण्या लिहायचे. उपाशीपोटीची साखर, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तातली चरबी, यकृत, युरिक अ‍ॅसिड आणि अंगातली सूज दाखवणारी एक तपासणी. कातडीच्या आजाराला एवढ्या तपासण्या कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "कातडीवर जी आग दिसते ना बाई, तिची धग आतल्या रक्तवाहिन्यांनाही लागते. या लोकांना मधुमेह, चरबी, हृदयाचा त्रास इतरांपेक्षा जास्त दिसतो. प्रत्येकाला होतोच असं नाही. पण बघितल्याशिवाय कळणार कसं?" आणि ते खरंच होतं, प्रत्येकाला होत नसे. सुपारीच्या बागा असलेले एक गृहस्थ नखांपासून गुडघ्यांपर्यंत चट्ट्यांनी भरलेले होते, आणि त्यांचे सगळे आकडे शाळकरी मुलासारखे स्वच्छ. रक्त कोणाच्या अंगावर काय दिसतं ते बघून चालत नाही.

हिराजींना मी बसायला सांगितलं. ते उभेच राहिले.

"खुर्ची खराब होल," ते म्हणाले.

"कशाने?"

त्यांनी मनगटाजवळची बाही जराशी वर केली. चार पापुद्रे जमिनीवर पडले. त्यांनी ते पायाने बाजूला सारले आणि बाही पुन्हा खाली ओढली.

"तांडेल, रोज झाडू मारते मी. बसा."

ते खुर्चीच्या कडेला टेकले. मी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाहीत? दुपार झाली."

"न्हाय खाल्लं. सकाळला लोक असतात तुझ्याकडं."

म्हणजे लॅब रिकामी होईपर्यंत हा माणूस उपाशीपोटी बाहेर उन्हात थांबला होता. मी हातमोजे चढवले आणि बाही वर करायला सांगितलं. कोपराच्या आतल्या बाजूलाही चट्टे होते, जाड, भेगाळलेले. तिथे सुई घालणं शक्य नव्हतं. दुसऱ्या हाताचीही तीच गत. मी मनगटाच्या मागे शीर शोधू लागले, तर त्यांनी हात मागे घेतला.

"सुई नको करूस बाय. जिथं खरचटतं तिथं नवं उगवतं."

हे मी डॉक्टरांकडून ऐकलं होतं. सोरायसिसच्या काही माणसांना जिथे जखम होते, ओरखडा उठतो, तिथेच नवा चट्टा येतो. पण हिराजींनी ते डॉक्टरांकडून ऐकलेलं नव्हतं. त्यांनी तळहात उलटे करून दाखवले. जाळ्याचा दोर वर्षानुवर्षं जिथून घासत गेला होता, नेमक्या त्याच वाटेने हातावर चट्ट्यांची ओळ होती. दोर कुठून कसा जात असेल ते नुसत्या हाताकडे बघून सांगता आलं असतं.

"बोटीवर दोर सोडता येत न्हाय," ते म्हणाले. "म्हणून बोट सोडली."

पुढे हळूहळू कळलं ते असं. बोट त्यांनी आपणहून सोडली नव्हती. खलाशी त्यांच्याबरोबर जेवायला बसेनात. बोटीवर भाताचं एकच पातेलं, पाण्याचं एकच पिंप. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण तांडेल पाणी प्यायले की पाठोपाठ कोणाला तहान लागत नसे. एक मोसम त्यांनी तसा काढला आणि बोट मुलाच्या, महेशच्या, ताब्यात दिली.

त्या दिवशी मी त्यांना समजावलं की सुई बारीक घेते, दंडाला पट्टा आवळत नाही, वर चिकटपट्टी लावत नाही, नुसता कापूस धरून ठेवते. त्यांनी वाकून सुई नीट बघितली. मग त्यांनी हात पुढे केला. आणि रक्त येत असताना ते नळीकडे बघत राहिले. दुसरीकडे बघितलं नाही.

"काळं दिसतं," ते म्हणाले.

"शिरेतलं रक्त असंच दिसतं."

कापूस मी माझ्या बोटाने धरून ठेवला, जरा जास्तच वेळ, रक्त पूर्ण थांबेपर्यंत. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं.

नळी यंत्रात फिरवून बाहेर काढली तेव्हा वरचं पाणी पिवळं नव्हतं. पांढरं होतं. पातळ ताक भरून ठेवावं तसं, पलीकडचं काही दिसू नये इतकं गढूळ. रक्तात चरबी फार वाढली की सीरम असं दुधाळ होतं. भरपेट जेवून आलेल्याचंही थोडं होतं, पण हा माणूस तर दुपारपर्यंत उपाशी होता. साखरही जास्त होती. सूज दाखवणारा आकडा वर. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पुन्हा एकदा घ्या, आणि त्यांना माझ्याकडे पाठवा, घरचं कोणी बरोबर असेल तर बरं.

दुसऱ्यांदा मी त्यांना पहाटे, लॅब उघडायच्या आधी, मागच्या दाराने बोलावलं. सीरम पुन्हा तसंच. मी विचारलं, "घरून कोणाला घेऊन याल का डॉक्टरांकडे?"

"घरी मी न्हाय राहत."

ते जाळ्यांच्या खोपीत राहत होते. किनाऱ्याजवळ मासेमारीची जाळी, बोये, दोर ठेवायची झावळांनी शाकारलेली खोप, तिच्या एका कोपऱ्यात खाट. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. महेशचं लग्न झालं, मुलगी झाली. नात रांगायला लागली तेव्हा जमिनीवर पडलेले पापुद्रे तिच्या हाताला लागू लागले. त्याच आठवड्यात हिराजी खाट घेऊन खोपीत गेले.

"त्यांनी जा म्हटलं?" मी विचारलं.

"कोण जा न्हाय बोललं." बाही खाली ओढत म्हणाले, "ये पण न्हाय बोललं कोण."

सून डबा आणून खोपीच्या कुडाच्या भिंतीशी ठेवायची आणि लांबूनच हाक मारायची. सकाळी खारी, बटर, दोन कप गोड चहा. रात्री डबा खाल्ला तर खाल्ला, नाहीतर पाव. दिवसभर बसून राहणं. आयुष्यभर समुद्रावर राबलेलं शरीर अचानक खाटेवर पडलं होतं. डॉक्टरांनी त्यांना साखरेच्या आणि चरबीच्या गोळ्या दिल्या, खाणं बदलायला सांगितलं, चालायला सांगितलं. कातडीसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली. तिचा यकृतावर परिणाम होऊ शकतो म्हणून रक्त ठरावीक दिवसांनी तपासत राहायचं होतं.

त्यामुळे हिराजी माझ्याकडे येत राहिले. पहाटे, मागच्या दाराने. मी चहा करायचे, रक्त घेऊन झाल्यावर दोघं प्यायचो, त्यांचा बिनसाखरेचा. सुरुवातीला ते तोंड वेडंवाकडं करायचे. ते फार बोलत नसत. समुद्राला आज कसं पाणी आहे ते सांगायचे. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण सकाळी कोणी आपल्याला काहीतरी सांगतंय ही गोष्टच मला नवी होती. सीरम हळूहळू निवळत गेलं. एकदा मी नळी उजेडात धरून दाखवली. "बघा, पलीकडची खिडकी दिसते." त्यांनी ती हातात घेऊन मुलं काचेची गोटी बघतात तशी बघितली. हात थोडे बरे झाले होते. दोराची वाट पुसट झाली होती.

मग एका खेपेला ते आले नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यातही नाहीत. मी कोळीवाड्यापर्यंत चालत गेले आणि परत फिरले. रुग्ण आला नाही म्हणून लॅबवाली बाई त्याच्या दारात जाते, हे कोणाला काय सांगायचं? आणि कोणाच्या रक्ताची गोष्ट त्याच्या घरी बोलायची नसते, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

चार-सहा दिवसांनी त्यांची सून, दर्शना, स्वतःच लॅबमध्ये आली. तिच्या हिमोग्लोबिनची तपासणी होती. रक्त घेऊन झालं तरी ती उठेना.

"मॅडम, तुम्हाला एक विचारू का? आमचे सासरे तुमच्याकडं येतात, लोक सांगतात. त्यांना काय झालंय?"

"ते त्यांनाच विचार. मला सांगता येणार नाही."

"ते बोलतच न्हाईत. जवळ जायला लागलं की ओरडतात, लांब हो, पोरीला आणू नको. वाड्यातल्या बाया सांगतात, महारोग हाय. मी घाबरून न्हाय जात. खोटं कशाला बोलू."

मी हातमोजे काढून डब्यात टाकले आणि तिच्यासमोर बसले. "त्यांच्याबद्दल मी काही सांगणार नाही. पण वरच्या मजल्यावर त्वचेचे डॉक्टर येतात. सोरायसिस नावाचा आजार असतो, त्यांना विचार तो कसला. तो महारोग नव्हे. तो कोणाला लागत नाही. लहान मुलाला नाही, गरोदर बाईला नाही. पापुद्रे हाताला लागले तरी नाही."

"नक्की?"

"मी एवढी वर्षं अशा हातांतून रक्त घेते आहे."

तिने माझ्या उघड्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "गोळ्या बंद केल्यात त्यांनी. बरं कशाला व्हायचं, बोलले महेशला."

हे ऐकून मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा यायचा वार होता. दर्शना महेशला घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. दोघं खाली उतरली तेव्हा महेशचा चेहरा उतरलेला होता. तो माझ्याकडे न बघता निघून गेला आणि संध्याकाळच्या भरतीला बोट घेऊन समुद्रावर गेला. बोट थांबवता येत नाही, बर्फ भरलेला असतो, खलाशी थांबलेले असतात. आल्यावर बाबांशी बोलतो, असं तो दर्शनाला सांगून गेला.

तो परतायच्या आधीच ते घडलं.

सकाळची गर्दीची वेळ होती. लॅब भरलेली. मी एका बाईचं रक्त घेत होते आणि पुढच्या दारातून हिराजी आत आले. पुढच्या दारातून ते कधीच येत नसत. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. बाह्या वर गेल्या होत्या आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. बाकावरची माणसं सरकली. हिराजी सरळ त्या मोकळ्या झालेल्या जागेत बसले.

"बाय, पोटात आग पडलीय," ते म्हणाले. "दात पण दुखतात. खालचे."

त्यांचा जबडा दुखत होता. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी डॉक्टर नाही, पण एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही. गावातल्या सरकारी रुग्णालयात फोन केला, रिक्षा बोलावली, बाकीच्यांना उद्या या म्हटलं आणि लॅबला कुलूप लावलं. कोणी तक्रार केली नाही. बाकावरून सरकलेल्यांपैकीच एकाने त्यांना दुसऱ्या बाजूने धरून रिक्षात बसवलं. हेही लिहायला हवं.

रुग्णालयात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. हृदयविकाराचा झटका होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लगेच गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं आणि रुग्णवाहिकेतून माणगावला न्यायला सांगितलं. घरचं कोणी आहे का? महेश समुद्रावर, फोन लागत नाही. दर्शनाला निरोप धाडला होता, पण ती लहान मुलीला कोणाकडे तरी ठेवून येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. "तुम्ही कोण?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. "मी जाते बरोबर," एवढंच म्हटलं.

श्रीवर्धन ते माणगाव रस्ता वळणांचा. गाडी एका बाजूला झुकली की सलाइनची बाटली दुसऱ्या बाजूला झुकायची. गाडीतला डॉक्टर यंत्राकडे बघत होता. मी स्ट्रेचरशेजारच्या बाकावर बसून हिराजींचा हात धरला होता. लॅबमध्ये रक्त घेताना घातलेले हातमोजे तसेच राहिले होते, माझ्या लक्षातही नव्हतं.

एका वळणानंतर ते म्हणाले, "बाय, तो मोजा काढशील काय?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी दोन्ही मोजे काढले आणि त्यांचा हात पुन्हा हातात घेतला. तळहाताला भेगा होत्या, खरखरीत, गरम. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानाकडे गेलं. ते दुखण्याचं असेल किंवा नसेल.

"बायको गेल्यापासनं..." एवढं म्हणून ते थांबले. मी पुढचं विचारलं नाही. मलाही कोणी असा हात धरल्याला किती काळ लोटला होता, ते मी गाडीत आठवू लागले, आणि आई आठवली, आणि नंतर काही आठवेना. माणगाव येईपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो.

हिराजी वाचले. माणगावहून त्यांना पुढे पनवेलच्या बाजूला एका मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथे हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. मी संध्याकाळच्या एस.टी.ने परत आले. दर्शना माणगावला पोहोचली तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरून नुसतं बघितलं होतं. महेश तिसऱ्या दिवशी बंदरात उतरला तो माशांची टोपलीही न उतरवता तसाच पनवेलला गेला.

रुग्णालयातून हिराजींना त्यांनी खोपीत नेलं नाही, घरी नेलं. ते कसं झालं हे मला दर्शनाने नंतर सांगितलं. दारात हिराजी थांबले आणि म्हणाले, खोपीत खाट हाय माझी. महेश म्हणाला, "खाट कालच घरी आणली." ते तरी आत जाईनात. तेव्हा दर्शनाने मुलगी उचलून त्यांच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. हातातली मुलगी खाली ठेवायला जागा फक्त घरातच होती.

यानंतर ते माझ्याकडे पूर्वीसारखे आले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. महेश त्यांना घेऊन यायचा, पुढच्या दाराने, ठरलेल्या वेळी. रक्त घ्यायचं, कापूस धरायचा, पुढचा माणूस. पहाटेचा चहा बंद झाला. काही दिवस मी सवयीने दोन कपांचं पाणी ठेवायचे. मग महेशने घरी येऊन रक्त नेणाऱ्या माणसाची सोय केली, कारण बाबांना काही महिने दगदग टाळायला सांगितलं होतं. आणि त्यानंतर थोड्याच काळात आमची लॅब नवी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने घेतली. आता श्रीवर्धनला फक्त रक्त घेतात. नळ्या बर्फाच्या पेटीत घालून दुपारच्या गाडीने जातात आणि आकडे रात्री मोबाईलवर येतात. काम जलद झालं, चुका कमी झाल्या, हे मला मान्य आहे. पण कोणाचं सीरम दुधाळ आहे हे आता गावात कोणाला दिसत नाही. माझं सेंट्रिफ्यूज कोणीतरी भंगारात नेलं. मी निवृत्ती घेतली.

या कामाचं मला काय मिळालं, असं एकटी असताना मनात येतं. हजारो माणसांच्या शरीरात काय चाललंय ते मला त्यांच्याआधी कळलं, आणि ते त्यांना सांगायचा अधिकार मला नव्हता. योग्यच नियम आहे तो. पण नियम पाळता पाळता माणूस गप्प बसायला शिकतो आणि मग गप्प बसणं कामाच्या वेळेपुरतं राहत नाही. हिराजींच्या खोपीत आणि माझ्या दोन खोल्यांत फार फरक होता असं मला वाटत नाही. फक्त माझ्या अंगावर काही दिसत नव्हतं.

मागच्या थंडीत मी डोळे तपासायला माणगावला निघाले होते. एस.टी. स्टँडवर हिराजी दिसले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट. कोपरांवर चट्टे होते, ते झाकलेले नव्हते. बरोबर नात, आता चांगली शाळेत जाणारी. तिचे बूट घ्यायला दोघं माणगावला चालले होते.

"गोळ्या घेता ना?" मी विचारलं.

"सगळ्या. हीच देते मोजून."

"आजोबा, ह्या कोण?" मुलीने विचारलं.

"ह्या मना गाडीतनं माणगावला घेऊन गेल्या व्हत्या. तू तेव्हा बारकी व्हतीस."

"आज पण ह्याच नेणार?"

"आज आपण ह्यांना नेऊ," हिराजी म्हणाले.

गाडी आली तशी नेहमीची झुंबड उडाली. हिराजींनी खिडकीतून रुमाल आत टाकला, मग टोपी टाकली आणि तीन जणांची सीट धरली. खिडकीजवळ ते बसले, मधे मुलगी, कडेला मी. म्हसळ्याच्या पुढे मुलीला पेंग आली. तिने आधी आजोबांकडे कलून बघितलं, तिथे ऊन येत होतं. मग ती माझ्याकडे कलली आणि माझ्या हातावर डोकं ठेवून झोपी गेली. थोड्या वेळाने हाताला मुंग्या आल्या. हिराजी म्हणाले, "सरकव तिला, हात दुखल तुझा."

मी म्हटलं, "राहू दे." माणगाव येईपर्यंत मी हात हलवला नाही.